शिरीषाचा ओंडका ते मुरलेल्या फळ्या : कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२१

वादळात उन्मळून पडलेले शिरीषाचे खोड तीन आठवडे तसेच पडून होते. आज त्याचा बुंध्याकडचा सरळ भाग वेगळा केला. साल वगळता या ओंडक्याचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर भरतो. दोन फांद्या फुटतात तिथले खोड दिसायला सुंदर आहे, पण त्यातले तंतू वाटेल तसे वळलेले असल्याने ते सुकताना हमखास उलते. तो भाग लहान कामांसाठी बाजूला ठेवला. कललेली जाड फांदीही घेतली नाही. कललेल्या झाडात वरच्या अंगाला ताणाचे लाकूड तयार होते आणि त्याच्या फळ्या करवतीखालीच धनुष्यासारख्या वाकू लागतात.

तीन आठवड्यांत ओंडक्याच्या तोंडाशी केसासारख्या चिरा पडल्या होत्या. त्या किती आत गेल्या आहेत हे पाहण्यासाठी तोंडाकडून सेंटिमीटरभर जाडीची चकती कापून ती हाताने वाकवून पाहिली. ती चिरेपाशी कट्कन तुटली. आणखी आत जाऊन दुसरी चकती कापली, मग तिसरी. जी चकती वाकवल्यावर कुठेही उघडली नाही, तिथून पुढचे लाकूड निर्दोष धरले. अशा रीतीने एका बाजूने १२ आणि दुसऱ्या बाजूने १७ सेंटिमीटर लाकूड गेले, आणि २५० सेंटिमीटर लांबीचा ओंडका उरला. वाया गेलेल्या लाकडाची हळहळ वाटते, पण चीर तशीच ठेवली तर ती सुकताना आत आत सरकत जाते आणि नंतर याच्या दुप्पट लाकूड कापावे लागते.

कापलेल्या दोन्ही तोंडांना लगेच, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, वितळवलेले पॅराफिन मेण दोन हात लावले. मेण थेट जाळावर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवले, कारण तापलेल्या मेणाची वाफ पेट घेते. लाकडातल्या पाण्याच्या वाटा खोडाच्या लांबीने जातात. त्यामुळे आडव्या छेदातून पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा दहा ते पंधरा पट वेगाने निघून जाते. तोंडे बंद केली नाहीत तर टोकाचे हातभर लाकूड सुकून आकसू लागते, मधले लाकूड मात्र ओले आणि फुगलेलेच राहते, आणि या ओढाताणीत टोक फाटते.

८ नोव्हेंबर २०२१

साखळी-करवतीला मार्गदर्शक चौकट जोडून ओंडका लांबीने कापला. लांबीच्या कापासाठी दात वेगळ्या कोनात घासलेली साखळी वापरली. प्रत्येक कापात ८ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, हे जाडी ठरवताना धरावे लागते. फळ्यांची जाडी ६० मिलिमीटर ठेवली. मला शेवटी ५० मिलिमीटरची सपाट फळी हवी आहे; उरलेले १० मिलिमीटर आकसण्यासाठी, बाकासाठी आणि रंधणीसाठी. एकूण सात फळ्या निघाल्या. वरून खाली १ ते ७ असे आकडे खडूने घातले. शिरीषाचा भुसा नाकाघशाला फार झोंबतो. दिवसभर मास्क लावूनही संध्याकाळी शिंका थांबत नव्हत्या. पुढच्या वेळी साधा कापडी मास्क चालणार नाही.

क्रमांक ४ ची फळी ओंडक्याच्या बरोबर मध्यातून आली आहे, म्हणजे खोडाचे भेंड, खोडाच्या केंद्रातला मऊ गाभा, तिच्या पोटात आहे. सर्वांत रुंद फळी हीच, ५८ सेंटिमीटरची, आणि ती अखंड ठेवण्याचा मोह मोठा होता. पण लाकूड सगळ्या दिशांना सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांना समांतर, म्हणजे परिघाच्या दिशेने, ते साधारणपणे त्रिज्येच्या दिशेपेक्षा दुपटीने आकसते. लांबीच्या दिशेने तर हे आकसणे १००० मिलिमीटरला जेमतेम १ ते २ मिलिमीटर. परिघ जास्त आखडला आणि त्रिज्या कमी आखडली, की वर्तुळ पूर्ण मिटू शकत नाही आणि ते भेंडापासून बाहेरच्या बाजूला फाटते. खोडाची गोल चकती पाचरीसारखी उलते ती याच कारणाने. भेंड पोटात ठेवलेल्या फळीची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नसते, आणि कितीही सावकाश सुकवले तरी हे टळत नाही. म्हणून क्रमांक ४ मधून भेंडासह ८ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उभी कापून काढली आणि २५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन फळ्या केल्या. त्यांना ४अ आणि ४आ म्हटले. या दोन्हींत वलये पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात आहेत, त्यामुळे त्या सर्वांत सरळ राहाव्यात.

ओंडक्याच्या वरच्या अंगाचा ११० सेंटिमीटरचा एक तुकडाही याच जाडीत कापला होता. अंधार पडल्यामुळे त्याच्या तोंडांना मेण लावायचे राहिले.

९ नोव्हेंबर २०२१

सकाळी त्या लहान तुकड्याच्या दोन्ही तोंडांवर चिरा दिसल्या. नुसत्या डोळ्यांनी तीन दिसत होत्या. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर अकरा मोजल्या, कारण पृष्ठभागावरचे स्पिरिट उडून जाते आणि चिरेतले थोडा वेळ तसेच राहते. केवळ एका रात्रीत हे झाले. मोठ्या फळ्यांच्या मेण लावलेल्या तोंडांवर एकही चीर नाही.

दिवसभर साल काढली. ओल्या लाकडाची साल बोथट पहारीने सहज सुटते; सुकल्यावर तीच चिवट होते आणि तिच्याखाली किड्यांना आसरा मिळतो. शिरीषाची नार, म्हणजे खोडाच्या आतले जुने लाकूड, गडद तपकिरी आणि टिकाऊ असते, पण भोवतीच्या पांढऱ्या लाकडात पिठूळ अंश भरपूर असल्याने भुंगेरे त्यात अंडी घालतात. फळ्यांची नैसर्गिक कड मला राखायची आहे आणि ती कड सगळी पांढऱ्या लाकडाचीच आहे. म्हणून किड्यांना रोखणाऱ्या बोरेट या क्षाराचे १० टक्के द्रावण कडांना आणि दोन्ही पृष्ठांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांना दोनदा लावले. हे काम लाकूड ओले असतानाच करायला हवे, कारण बोरेट पाण्याच्या वाटेनेच आत झिरपते. सुक्या लाकडावर ते वरच्या वर राहते.

१० नोव्हेंबर २०२१

आज फळ्यांची थप्पी रचली. या कामाला सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा होता, कारण थप्पीचा पाया वाकडा असेल तर फळी त्या वाकडेपणातच सुकते आणि तोच तिचा कायमचा आकार होतो. पूर्व-पश्चिम पडवीत जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर सहा आडव्या तुळ्या ठेवल्या. दोन्ही टोकांच्या तुळ्यांवर दोरी ताणून मधल्या चारही तुळ्या त्या दोरीला टेकतील अशा पातळीत आणल्या, मग कर्णाच्या दिशेनेही दोरी ताणून पीळ नाही ना हे पाहिले. एक तुळई ३ मिलिमीटर खाली होती. तिच्याखाली पाचर घातली.

फळ्यांच्या मध्ये २५ मिलिमीटर चौरस रिपा ठेवल्या. या रिपा पूर्ण सुक्या लाकडाच्या आहेत. ओल्या रिपा ठेवल्या तर फळीवर आडवे काळपट पट्टे उमटतात आणि ते रंध्यानेही सहज जात नाहीत. प्रत्येक थरात सहा रिपा, दोन्ही टोकांना अगदी काठाशी एकेक आणि मध्ये सुमारे ४९ सेंटिमीटर अंतराने चार. प्रत्येक रीप खालच्या रिपेच्या आणि तुळईच्या बरोबर वर यावी म्हणून ओळंबा लावून पाहिले. रीप थोडी जरी सरकली, तरी वरचा भार खालच्या फळीवर अधांतरी पडतो आणि तिथे फळीला पोट येते. सर्वांत वर एक टाकाऊ फळी आणि तिच्यावर सुमारे ३०० किलो वजनाचे काँक्रीटचे ठोकळे ठेवले.

फळ्या ओंडक्यात होत्या त्याच क्रमाने रचल्या. पुढे दोन फळ्या शेजारी जोडायच्या झाल्या, तर हा क्रम कामाला येईल.

१२ नोव्हेंबर २०२१

फळ्या किती वेगाने सुकत आहेत हे कळण्यासाठी नमुन्याचा तुकडा तयार केला. लहान फळीच्या दोन्ही टोकांचे चिरा पडलेले भाग टाकून दिले. मधला ७५ सेंटिमीटरचा तुकडा घेतला आणि त्याच्या दोन्ही अंगांना लागून २५ मिलिमीटर रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या कापल्या. पट्ट्यांचे वजन कापल्या कापल्या केले : ४१२ आणि ३९८ ग्रॅम. मग त्या १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवल्या. त्याला दीड दिवस लागला. कोरडी वजने २४१ आणि २३१ ग्रॅम आली. गेलेल्या पाण्याला कोरड्या लाकडाच्या वजनाने भागले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. पहिल्या पट्टीत ती ७१ आणि दुसरीत ७२.३ आली, म्हणजे सरासरी ७१.६. ही टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात, म्हणून अतिशय ओल्या लाकडात ती शंभराच्याही वर जाऊ शकते.

नमुन्याचे ओले वजन १२.३६ किलो होते. त्याला १.७१६ ने भागल्यावर त्यातले निव्वळ लाकूड ७.२० किलो ठरते. हा आकडा आता बदलणार नाही. यापुढे नमुना केव्हाही वजन केला, की ओलावा किती उरला हे दोन ओळींच्या गणितात कळेल. नमुन्याच्या तोंडांनाही मेण लावले आणि मेणाचे वजन वेगळे लिहून ठेवले, ते दर वेळी वजा करीन. नमुना थप्पीच्या मधल्या थरात, सहज ओढून काढता येईल असा ठेवला आहे.

२६ नोव्हेंबर २०२१

नमुना ११.७२ किलो, ओलावा ६२.८ टक्के. चौदा दिवसांत जवळजवळ नऊ टक्के, म्हणजे वेग योग्य आहे. मात्र ताडपत्री मी चारही बाजूंनी खालपर्यंत सोडली होती आणि आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. २ आणि ३ क्रमांकाच्या फळ्यांवर पांढुरकी बुरशी दिसली. पांढऱ्या लाकडावर निळसर काळे डागही पडू लागले आहेत. बुरशी कोरड्या ब्रशने झाडली. डाग मात्र लाकडात उतरले आहेत. ताडपत्री दोन्ही लांब बाजूंनी वर गुंडाळली.

६ डिसेंबर २०२१

नमुना ११.२४ किलो, ओलावा ५६.१ टक्के. बुरशी परत आलेली नाही.

११ डिसेंबर २०२१

आजची नोंद लिहिताना मन जड आहे. गेले पाच दिवस कोरडा वारा सारखा वाहतो आहे आणि मी कामात असल्याने थप्पीकडे फिरकलो नाही. ताडपत्री दोन्ही बाजूंनी उघडीच होती. नमुना १०.६६ किलो भरला. ओलावा ४८.१ टक्के. पाच दिवसांत आठ टक्के, म्हणजे आधीच्या वेगाच्या दुपटीहून जास्त.

क्रमांक १ च्या फळीवर, वाऱ्याकडच्या अर्ध्या भागात, सतरा चिरा पडल्या आहेत. बहुतेक ३ ते ८ सेंटिमीटर लांब आहेत आणि तंतूंच्या दिशेने गेल्या आहेत. अर्धा मिलिमीटर रुंदीच्या चिरेत पोलादी पातळ पट्टी घालून खोली पाहिली : सर्वांत खोल चीर ६ मिलिमीटर, बाकीच्या ३ ते ४. क्रमांक २ वर चार उथळ चिरा आहेत. थप्पीच्या पोटातल्या फळ्या शाबूत आहेत, कारण त्यांच्यापर्यंत वारा पोहोचेस्तोवर तो दमट झालेला असतो. ४अ आणि ४आ वर एकही चीर नाही.

हे का झाले ते स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो. लाकडाच्या पेशींच्या पोकळीत मोकळे पाणी असते आणि पेशींच्या भिंतींत शोषलेले पाणी असते. मोकळे पाणी निघून जाते तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली गेला, की भिंतींतले पाणी निघू लागते आणि आकसणे तिथून सुरू होते. माझ्या नमुन्याची सरासरी ४८ टक्के आहे, म्हणून फळी अजून आकसू लागलेली नाही असे मी समजत होतो. पण सरासरीच्या आकड्यात पृष्ठभाग दिसत नाही. पोटातले लाकूड ६० टक्क्यांवर असतानाच वरचे दोन-तीन मिलिमीटर वाऱ्याने १५ टक्क्यांवर आले होते. त्या पातळ थराला आखडायचे होते आणि खालचे ओले, फुगलेले लाकूड त्याला आखडू देत नव्हते. तंतूंच्या आडव्या दिशेने लाकडाला ताण फारसा सहन होत नाही. तो थर ताणला गेला आणि फाटला.

म्हणजे फळी उलते ती सुकण्यामुळे नव्हे, तर तिचे पृष्ठ आणि पोट यांच्यातल्या अंतरामुळे. पोटातून पाणी जितक्या वेगाने वर येऊ शकते, त्याहून जास्त वेगाने पृष्ठावरून ते जाऊ द्यायचे नाही, एवढीच या कामातली खरी राखण आहे. जाडी दुप्पट झाली की पाण्याची वाट दुप्पट होते, पण सुकायला लागणारा वेळ दुपटीपेक्षा बराच जास्त होतो. २५ मिलिमीटरची फळी मी याच वाऱ्यात ठेवली असती तर कदाचित काही झाले नसते.

उपाय म्हणून वाऱ्याकडच्या बाजूला गोणपाटाचा पडदा दुहेरी बांधला, दुसऱ्या बाजूला एकेरी. गोणपाटातून हवा जाते, पण वारा लागत नाही. चिरा पडलेल्या फळीवर पाणी शिंपडावे असे एकाने सुचवले. मी ते केले नाही. ओल्याने चीर मिटल्यासारखी दिसते, पण पुन्हा सुकताना ती आणखी खोल जाते. सर्व चिरांची दोन्ही टोके आजच्या तारखेसह पेन्सिलीने खुणावून ठेवली.

२ जानेवारी २०२२

नमुना १०.२० किलो, ओलावा ४१.७ टक्के. वेग दिवसाला ०.३ टक्क्यांवर आला आहे. एकही चीर पेन्सिलीच्या खुणेच्या पुढे गेलेली नाही.

९ फेब्रुवारी २०२२

नमुना ९.५८ किलो, ओलावा ३३.१ टक्के.

आज ओलावामापक आणला आणि तो किती सहज फसवतो हे पाहिले. त्याच्या आखूड सुया नमुन्याच्या पृष्ठभागात टोचल्यावर आकडा आला १४. हाच आकडा खरा मानला असता तर फळ्या आज घरात नेल्या असत्या आणि गमावल्या असत्या. मग दोन भोके ३० मिलिमीटर खोल पाडून, टोक सोडून बाकी सर्व अंगाला विद्युतरोधक लेप असलेल्या लांब सुया आत घातल्या. तिथे आकडा ३० च्या पुढे जाऊन डळमळत राहिला. हे उपकरण लाकडाचा विद्युतरोध मोजते आणि साधारण ३० टक्क्यांच्या वर तो भरवशाचा राहत नाही, म्हणून या आकड्याचा अर्थ इतकाच की पोट अजून ओले आहे. वजनकाटा मात्र प्रत्येक टप्प्यावर खरे सांगतो.

२० मार्च २०२२

नमुना ९.०६ किलो, ओलावा २५.८ टक्के. आज पहिल्यांदा रुंदीत ठळक फरक मोजला. ३०० मिलिमीटरचा नमुना २९६ वर आला आहे.

क्रमांक १ वरच्या चिरा जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. पेन्सिलीच्या खुणा नसत्या तर त्या सापडल्या नसत्या. त्या भरून आलेल्या नाहीत. आतापर्यंत पृष्ठ ताणले जात होते आणि पोट दाबले जात होते. आता पोट आकसायला लागल्यावर ते पृष्ठाला आपल्याकडे ओढते आहे आणि चिरांचे ओठ जुळले आहेत. आतले तंतू तुटलेलेच आहेत. अशी फळी खुणा न करता ठेवली असती, तर शेवटचे तेल लावल्यावर या चिरा काळ्या रेषांसारख्या उठून दिसल्या असत्या. या टप्प्यावर पृष्ठावर नव्या चिरा पडण्याचा धोका बराच ओसरतो. आता भीती पोटाची. सुरुवातीला वरचा थर ताणलेल्या स्थितीतच सुकून घट्ट झाला असेल, तर तो आकसत्या पोटाला जागा देत नाही आणि लाकूड आतून फाटते. बाहेरून त्याचे काहीच चिन्ह दिसत नाही. शिरीषात हे सहसा होत नाही असे वाटते, तरी ही शंका शेवटी फळी कापूनच फिटेल.

एकेरी गोणपाट काढले. दुहेरी तसेच ठेवले.

२२ मे २०२२

नमुना ८.४४ किलो, ओलावा १७.२ टक्के. फळ्यांचा आवाज बदलला आहे. बोटाच्या सांध्याने टकटक केले की पूर्वी ओल्या मातीसारखा बद आवाज येई. आता ३ क्रमांकाची फळी लाकडासारखी वाजते. थप्पी आकसल्यामुळे वरचे ठोकळे थोडे कलले होते, ते पुन्हा नीट बसवले.

७ क्रमांकाच्या फळीखाली, जमिनीवर, मैद्यासारखा बारीक भुसा सांडलेला दिसला. खालच्या कडेला सुमारे दीड मिलिमीटरची चार भोके आहेत. तपासल्यावर लक्षात आले की या फळीच्या खालच्या अंगाला सालीची वीतभर पट्टी राहून गेली होती आणि तिच्याखाली बोरेट पोहोचलेच नव्हते. साल काढली. भोकांत पिचकारीने द्रावण सोडले, पण आता लाकूड सुके असल्याने ते किती आत जाईल याची मला खात्री देता येत नाही. फळी थप्पीतून काढून वेगळी ठेवली. संपूर्ण फळी आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवली तर किडा मरतो; माल पाठवायच्या लाकडी खोक्या-पेट्यांसाठी हाच आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मात्र एवढी लांब फळी तापवायची सोय आज माझ्याकडे नाही.

१७ जुलै २०२२

नमुना ८.४५ किलो, ओलावा १७.४ टक्के. वजन घटण्याऐवजी किंचित वाढले. यात काळजीचे काही नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी तोल साधते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकूड सुमारे १६ टक्क्यांवर थांबते, ६५ टक्क्यांना सुमारे १२ वर आणि ५० टक्क्यांना सुमारे ९ वर. पावसाळी हवेत पडवीतले लाकूड यापेक्षा खाली जाणारच नाही, मग ते वर्षभर ठेवा की पाच वर्षे. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा म्हणूनच अपुरा आहे. त्यात हवा आणि लाकडाची जात दोन्ही धरलेली नाहीत. या महिन्यांत फळ्यांना नुसते झाकून स्वस्थ ठेवायचे.

२५ सप्टेंबर २०२२

नमुना ८.४७ किलो. थप्पी कोरडी आहे, बुरशी नाही.

१८ डिसेंबर २०२२

नमुना ८.१८ किलो, ओलावा १३.६ टक्के. वारा पुन्हा सुटला आहे. या वेळी गोणपाट काढून टाकले, कारण आता पृष्ठ आणि पोट यांत फार अंतर उरलेले नाही : लांब सुयांनी पोटात १५ आणि आखूड सुयांनी पृष्ठावर १२ असे आकडे येतात. तोच वारा गेल्या डिसेंबरात फळी फाडत होता, आज तो उपयोगी आहे.

१२ फेब्रुवारी २०२३

नमुना ८.०१ किलो, ओलावा ११.३ टक्के. आज फळ्या घरात आणल्या. घरात आणल्यावर त्या भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत, कारण भिंतीकडचे अंग सुकत नाही आणि फळीला बाक येतो. इथेही तुळ्या पातळीत आणून, रिपा घालून, वर वजन ठेवून थप्पी रचली.

रुंदी मोजून घेतली. बाहेरच्या अंगाची १ क्रमांकाची फळी ४१० मिलिमीटरवरून ३९६ वर आली आहे आणि सालीकडच्या पृष्ठाला ५ मिलिमीटरचा खोलगटपणा आहे. वलये सरळ होऊ पाहतात, म्हणून खोलगटपणा नेहमी सालीकडेच येतो. ४अ मात्र २५० वरून २४५ वर थांबली आहे आणि तिच्यावर पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसत नाही. भेंडाची पट्टी कापताना रुंदी घालवल्याचे जे वाईट वाटले होते, ते आज पूर्ण निवले. त्या दिवशी काढलेली भेंडाची पट्टी मुद्दाम थप्पीवर ठेवली होती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलली आहे आणि चिरेत करंगळी जाते.

१४ मे २०२३

नमुना ७.९१ किलो, ओलावा ९.९ टक्के. गेल्या तीन आठवड्यांतली चार वजने तीच आहेत. लाकूड या खोलीच्या हवेशी जुळले.

रंधणीला हात लावण्यापूर्वी नमुना मधोमध आडवा कापला. छेदावर स्पिरिट फिरवून भिंगातून पाहिले. पोटात एकही चीर नाही. मग त्या छेदाची २५ मिलिमीटरची पट्टी घेऊन तिच्या पोटातला भाग करवतीने काढून टाकला, म्हणजे वरच्या आणि खालच्या थरांचे दोन लांब दात उरले. लाकडात ताण अडकून राहिला असेल तर हे दात एकमेकांकडे वळतात. माझे दात रात्रभरात अंदाजे १ मिलिमीटर आत झुकले. ताण थोडा आहे, पण आहे. म्हणून रंधताना दोन्ही पृष्ठांवरून सारखेच लाकूड काढायचे ठरवले. एकाच अंगाने सगळे काढले तर उरलेला ताण फळीला दुसऱ्या दिवशी वाकवतो.

१७ मे २०२३

क्रमांक ३ ची फळी दोन समांतर रुळांवर सरकणाऱ्या राउटरखाली, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड तासणाऱ्या यंत्राखाली, सपाट केली. दर फेरीला २ मिलिमीटरहून जास्त खोल गेलो नाही, आणि एका पृष्ठाची फेरी झाली की फळी उलटवून दुसऱ्या पृष्ठाची. शिरीषाचे तंतू एकाआड एक उलट दिशेने वळलेले असल्याने हातरंध्याने ते उपटले जातात. खरखरीत पॉलिशकागद आडवा फिरवून मग लांबीने फिरवला. जाडी ५२ मिलिमीटर राहिली. पहिल्या फेरीनंतर करड्या, धुळकट पृष्ठाखालून नारीचा गडद तपकिरी रंग आणि त्यातल्या काळसर रेघा दिसल्या तेव्हा करवत, मेण, गोणपाट, वजने सगळे क्षणभर विसरलो आणि नुसता हात फिरवत राहिलो.

क्रमांक १ च्या चिरांच्या खुणा असलेल्या पृष्ठावरून ७ मिलिमीटर लाकूड काढावे लागले. सतरापैकी सोळा चिरा गेल्या. एक शिल्लक आहे, तीन सेंटिमीटर लांबीची. ती पट्टीने मोजली त्याहून खोल होती. पट्टी चिरेच्या तळापर्यंत गेली नसावी. या फळीची जाडी आता ४६ मिलिमीटर आहे. ती मी ठरवलेल्या मापात बसत नाही, म्हणून तिचा बसायचा बाक करीन आणि ते पृष्ठ खाली ठेवीन.

१८ मे २०२३

सकाळी क्रमांक ३ पुन्हा पट्टीने तपासली. मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला आहे. ती रिपांवर, वजनाखाली आणखी दोन आठवडे ठेवतो आणि मगच शेवटचा हात फिरवीन. क्रमांक ७ च्या खाली काळा कागद पसरला आहे. नवा भुसा पडला तर तो त्यावर लगेच दिसेल. आज सकाळपर्यंत कागद स्वच्छ आहे.